टंगस्टनमधल्या रिकाम्या जागा आणि भेसळीचे अणू : कोल्हापूर, प्रकल्प नोंदी

९ जून

कामाची व्याख्या आज पक्की केली. फ्यूजन (अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा काढणाऱ्या) भट्टीच्या भिंतीतल्या टंगस्टनमध्ये न्यूट्रॉनांच्या माऱ्यामुळे जे दोष तयार होतात, त्यांना कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन आणि रेनियमचे अणू कसे आणि किती घट्ट धरतात, हे मोजायचं. नमुने बनवणं, भाजणं (अनीलिंग) आणि सगळं गणित कोल्हापुरात. आयनांचा मारा बाहेरच्या त्वरक केंद्रात होईल.

टंगस्टन घ्यायचं कारण उघड आहे. वितळबिंदू ३४२२ °से. इटर या फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय फ्यूजन भट्टीच्या डायव्हर्टरसाठी (तळाशी उष्णता आणि राख झेलणारा भाग) तो ठरलेलाच होता; २०२३ मध्ये पहिल्या भिंतीसाठीही बेरिलियमच्या जागी टंगस्टन घ्यायचं जाहीर झालं. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या जड हायड्रोजनांच्या संयोगातला न्यूट्रॉन १४.१ एमईव्हीचा असतो (ईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अणूंच्या ऊर्जेचं एकक; केईव्ही म्हणजे हजार, एमईव्ही म्हणजे दहा लाख). समोरासमोर टक्कर झाली, तर तो टंगस्टनच्या अणूला जास्तीत जास्त ३०० केईव्हीच्या आसपास देऊ शकतो. अणू जागेवरून कायमचा हलवायला सरासरी ९० ईव्ही धरतात, त्यामुळे एका फटक्यात शेकडो अणू जागा सोडतात. त्यातले बहुतेक काही पिकोसेकंदांत परत बसतात. उरतात त्या रिकाम्या जागा, म्हणजे व्हेकन्सी, आणि जाळीत दाटीवाटीने घुसलेले जादा अणू. पुढच्या नोंदींत त्यांना 'घुसखोर' म्हटलं आहे.

पत्रा आला: ०.१ मि.मी. जाड, रोल केलेला, ९९.९५ टक्के. सोबतच्या प्रमाणपत्राकडे नीट बघायला हवं. हे ९९.९५ टक्के 'धातूंच्या हिशेबाने' आहेत. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन त्यात धरलेलेच नाहीत. ते खाली वेगळे दिले आहेत: कार्बन कमाल ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग), ऑक्सिजन कमाल २० पीपीएम, आणि तेही वजनाने. आपल्याला अणूंची संख्या लागते. टंगस्टनचा अणुभार १८३.८४, कार्बनचा १२.०१, म्हणजे गुणक १५.३. ३० पीपीएम कार्बन म्हणजे दर दहा लाख अणूंमागे ४५९ कार्बन. ऑक्सिजनचा गुणक ११.५, म्हणजे २३०. हायड्रोजनचा तर १८२: वजनाने १ पीपीएम दिसला तरी अणूंच्या हिशेबाने १८२.

सगळा प्रकल्प या एका रूपांतरावर उभा आहे. माऱ्यानंतर टिकून राहिलेल्या रिकाम्या जागा दर दहा लाखांत १०० असतील, तर एकेका जागेमागे चार-चार कार्बन उभे आहेत. मग जे मोजलं जातं ते टंगस्टनचं नसतं, टंगस्टन आणि कार्बनचं मिळून असतं. कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्राफाइटच्या बिडात) टाकलेलं मॅग्नेशियम आधी गंधक खातं, आणि उरलेलंच ग्राफाइटचे गोळे करतं. किती टाकलं यापेक्षा किती मोकळं उरलं हे बघावं लागतं.

१३ जून

कापणी. टंगस्टन खोलीच्या तापमानाला ठिसूळ असतो आणि रोल केलेल्या पत्र्यात दाणे चपटे, थरांसारखे असतात. शिअरवर कापला की कडेला पापुद्रे सुटतात. भिंगाखाली कडेपासून मि.मी.भर आतपर्यंत पत्र्याला समांतर चीर दिसते. ती चीर पुढे ॲसिड-अल्कली धरून ठेवते आणि व्हॅक्यूममध्ये गॅस सोडत राहते. म्हणून शिअर वर्ज्य.

उद्यमनगरात वायरकटवर (तारेच्या ठिणगीने कापणाऱ्या यंत्रावर) १० × १० मि.मी.चे तुकडे पाडले. पत्रे एकावर एक रचून दोन स्टीलच्या पट्ट्यांत घट्ट आवळले, मग लावले. स्पार्क मशीनवर, म्हणजे तेलातल्या ईडीएमवर, हे काम देऊ नये. ठिणगीत तेल फुटतं आणि त्याचा कार्बन कडेत शिरतो. आपण मोजायला निघालोय नेमका तोच. वायरकटमध्ये डीआयनाइज्ड पाणी असतं, त्यामुळे कडेला ऑक्साइड येतं आणि पितळी वायरचं तांबं-जस्त चिकटतं. ते परवडतं, कारण ते फक्त कडेवर असतं आणि घासून काढता येतं. चारी कडा किमान ५० मायक्रॉन घासायच्या: पेपर ४००, मग ८००, मग १२००, भरपूर पाण्यात.

१८ जून

इलेक्ट्रोपॉलिश. डिस्टिल्ड पाण्यात वजनाने १.५ टक्के कॉस्टिक सोडा, स्टेनलेसचा कॅथोड, १२ व्होल्ट, बीकर बर्फात, हलकं ढवळणं. पहिल्या दहा सेकंदांत पत्र्यावर निळसर-तपकिरी पटल येतं आणि जातं, मग चकाकी चढते. व्होल्टेज कमी पडलं तर पॉलिश होण्याऐवजी दाण्यांच्या सीमा कोरल्या जातात. जास्त झालं तर बुडबुडे एकाच जागी चिकटून खड्डे पडतात. पत्रा उभा धरला तर बुडबुड्यांच्या वाटा रेषांसारख्या उमटतात. साधारण ४५ अंशांत कलता धरून दर वीस सेकंदांनी बाजू बदलली की थांबतं. कॅथोडवर हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम धुराड्याखालीच.

आज चार तुकड्यांवर दुधासारखा पांढरट थर राहिला. पुसून जाईना, अल्कोहोलमध्ये जाईना. कारण धुण्यात सापडलं: बीकरमधून काढून पहिलं विसळणं बोअरच्या पाण्यात झालं होतं. टंगस्टन अल्कलीत विरघळतो तो टंगस्टेट होऊन. जड पाण्यातलं कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम टंगस्टेट बनतं, आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. हेच खनिजरूपात शिलाइट, टंगस्टनचं एक मुख्य धातुक. रसायनशास्त्राच्या बाकावरचा २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा अंधारात तुकड्यांवर धरला, तर डागांच्या जागी मंद निळसर उजेड आला, आणि स्वच्छ तुकडा काळाच राहिला. शिलाइटची हीच ओळख. आता प्रत्येक तुकडा भट्टीत जाण्याआधी या दिव्याखाली बघायचा. विसळण्याचा क्रम: ताज्या पातळ कॉस्टिकमध्ये एक बुडी, मग तीन वेळा डिस्टिल्ड पाणी, मग इथेनॉल, मग गरम हवा. डाग पडलेले चारही परत पेपरवर.

द्रावण किती वेळा वापरायचं तेही ठरवलं. एका बीकरमध्ये, २५० मि.लि.मध्ये, आठ तुकडे. त्यापुढे त्याच व्होल्टेजला करंट घसरत जातो आणि चकाकी येत नाही.

२५ जून

अनीलिंगची तयारी. रोल केलेल्या पत्र्यात आधीच भरपूर डिस्लोकेशन (अणूंच्या ओळी चुकलेल्या रेषा) असतात, आणि तीही दोषांना खातात. ती साफ करायला पुनर्स्फटिकीकरण (जुन्या दाण्यांच्या जागी नवे, स्वच्छ दाणे उगवणं) पूर्ण व्हायला हवं: १५०० °से, एक तास. भट्टी ग्राफाइट हीटरची चालणार नाही. त्या तापमानाला टंगस्टन कार्बन ओढून घेतो आणि पृष्ठभागावर कार्बाइड बसतं. टंगस्टन किंवा टँटलमच्या जाळीची भट्टीच हवी. तुकडे टँटलमच्या पत्र्यात सैल गुंडाळायचे, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन टँटलम पिऊन घेतो. ऑइल डिफ्यूजन पंप असेल, तर मध्ये द्रव नायट्रोजनचा सापळा हवाच; नाहीतर तेलाची वाफ उलटी येते आणि पुन्हा कार्बन.

कोल्हापुरात या दिवसांत हवा ओली असते. चेंबर अशा हवेत उघडलं की भिंती पाणी शोषून घेतात आणि ते पाणी व्हॅक्यूममध्ये तासन्‌तास निघत राहतं. त्यातून होणारी हानी फक्त दाबाच्या काट्यावर दिसत नाही. तापलेला टंगस्टन पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन घेतो, ऑक्साइड उडून थंड भिंतीवर बसतं, आणि सुटलेला हायड्रोजन ते ऑक्साइड तिथे परत टंगस्टन करून नवं पाणी तयार करतो. तेच पाणी पुन्हा फिरतं. जुन्या बल्बमध्ये ओल राहिली तर काच लवकर काळी पडायची ती याच चक्रामुळे. खूण सोपी आहे: बघायच्या काचेवर निळसर-काळी झाक. ती दिसली तर त्या खेपेतल्या तुकड्यांची जाडी आणि पृष्ठभाग दोन्ही गेले असं धरावं.

म्हणून नियम: चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरूनच उघडायचं, दहा मिनिटांत बंद करायचं, १५० °से वर बारा तास बेक, आणि दाब १० च्या उणे ६ घात मिलिबारच्या पट्टीत आल्यावरच तापवणं सुरू.

२ जुलै

पहिली खेप निघाली. दाणे समभुज, दहा-वीस मायक्रॉनच्या पुढे. तुकडे आता आणखी ठिसूळ झालेत. चिमट्याने कोपरा दाबला तरी तुटतो. प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा आणि फिल्टर पेपरची घडी, दुसरं काही नको.

कार्बन मोजायला एक तुकडा दिला. इथे एक मजेशीर अडचण आहे. पोलादातला कार्बन ज्वलन-इन्फ्रारेड यंत्रावर मोजताना नमुना नीट जळावा म्हणून त्यात टंगस्टनचाच चुरा घालतात. त्या चुऱ्यात स्वतःचा काही पीपीएम कार्बन असतो, आणि तो 'ब्लँक' म्हणून वजा करतात. पोलादात दोन-तीन हजार पीपीएम कार्बन असताना हे कोणाला खुपत नाही. आपल्याला मात्र दहा-वीस पीपीएम मोजायचे आहेत आणि नमुनाही टंगस्टनच. म्हणून वेगळा चुरा, कमी कार्बनचं लोखंड आणि कथिल, मूस आधी १००० °से वर भाजून घेतलेली, आणि पाच ब्लँक ओळीने. ब्लँक आपापसांत एक पीपीएमपेक्षा जास्त हलले तर त्या दिवशीची मोजणी सोडून द्यायची. फाउंड्रीतला स्पेक्ट्रोमीटर या कामाचा नाही. त्याचं कॅलिब्रेशन टक्क्यांचं आहे.

अनीलिंगनंतर कार्बन पत्र्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून खाली आला. आश्चर्य नाही: थोडासा ऑक्सिजन असला की तो पृष्ठभागावर कार्बनशी मिळून कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. पण यातून एक गोष्ट ठरते. प्रमाणपत्रावरचा आकडा गणितात कधीच घालायचा नाही. अनीलिंग झालेल्या त्याच खेपेतल्या तुकड्याचा घालायचा.

१० जुलै

गणिताचा भाग, डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून अणूंची ऊर्जा काढायची संगणकी पद्धत). १२८ अणूंची पेटी (चार × चार × चार), के-बिंदू (इलेक्ट्रॉनांच्या लहरी तपासायची जाळी) तीन × तीन × तीन, पीबीई (इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या ऊर्जेचं अंदाजी सूत्र). टंगस्टनच्या ५पी पातळीतले इलेक्ट्रॉन गणितात धरलेले. घुसखोराभोवती अणू इतके जवळ येतात की ते गोठवून चालत नाही.

बंधन ऊर्जेसाठी चार गणितं लागतात. एक, पेटीत फक्त रिकामी जागा. दोन, पेटीत फक्त भेसळीचा अणू. तीन, दोन्ही शेजारी. चार, निर्दोष पेटी. पहिल्या दोहोंची बेरीज, वजा शेवटच्या दोहोंची बेरीज. उत्तर धन आलं तर ओढ आहे. चारही गणितांत पेटी, के-बिंदू आणि स्मिअरिंग (इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या थोड्या पसरट धरणं) एकच हवं. एका गणितात के-जाळी वेगळी राहिली तर ०.२ ईव्हीची चूक सहज घुसते, आणि रेनियमची रिकाम्या जागेशी असलेली सगळी ओढच तेवढी आहे.

कार्बनचं पहिलं उत्तर फारच कमी आलं. अणू रिकाम्या जागेच्या बरोबर मध्यभागी ठेवून सोडला होता. तिथे सगळ्या बाजूंनी सारखंच बल, त्यामुळे बेरीज शून्य, म्हणून गणिताला वाटलं की अणू स्थिरावला. खरं तर तो डोंगराच्या टोकावर उभा होता. ०.२ अँगस्ट्रॉम बाजूला सरकवून पुन्हा सोडला, तर घसरत जाऊन रिकाम्या जागेभोवतीच्या घनाच्या एका पृष्ठालगत, अष्टफलकी जागेजवळ (सहा अणूंच्या मधल्या फटीजवळ) बसला. पाच टंगस्टन अणूंना लागून, मध्यापासून चांगला दूर. आता उत्तर २ ईव्हीच्या जवळ, इतर प्रकाशित गणितांशी जुळणारं. यापुढे कोणताही हलका अणू मध्यभागी ठेवायचा नाही. नेहमी वाकडा ठेवून सोडायचा.

इथवर जमलेलं चित्र असं. रिकाम्या जागेशी ओढ: कार्बन सुमारे २, नायट्रोजन सुमारे २.५, ऑक्सिजन सुमारे ३, हेलियम सुमारे ४.५, पहिला हायड्रोजन १.२ च्या आसपास, रेनियम जेमतेम ०.२ ईव्ही. हेलियमची ओढ ही रासायनिक ओढ नव्हे. त्याला टंगस्टनच्या जाळीत कुठेच जागा नको असते, आणि रिकामी जागा हा त्याला सर्वात कमी त्रासाचा कोपरा. इलेक्ट्रॉन घनता जिथे सर्वात कमी, तिथे तो जातो.

१६ जुलै

आजचं गणित संबंध प्रकल्पाची दिशा ठरवणारं आहे, म्हणून सविस्तर.

प्रश्न: तापवत गेलं की आधी कोण हलतं, रिकामी जागा की भेसळ? उडीचा दर साध्या सूत्राने: सेकंदाला १० चा १३ वा घात इतके प्रयत्न, गुणिले अडथळ्याचा बोल्ट्झमन घटक (त्या तापमानाला अडथळा ओलांडण्याची शक्यता). रिकाम्या जागेचा अडथळा १.७ ईव्ही, कार्बनचा १.४६, हायड्रोजनचा ०.२, हेलियमचा ०.०६.

२७ °से ला कार्बन दहा हजार वर्षांत एक उडी मारतो. २०० °से ला सहा मिनिटांत एक. ३०० °से ला सेकंदाला एक-दीड. ४०० °से ला सेकंदाला शंभरावर. रिकामी जागा २०० °से ला दीड दिवसात एक उडी, ३०० °से ला दीड मिनिटात एक, ४०० °से ला सेकंदाला दोन. हायड्रोजन तर खोलीच्या तापमानालाच सेकंदाला अब्जावधी.

म्हणजे टंगस्टनमध्ये रिकामी जागा हलण्याआधी कार्बन तिच्याकडे चालत येतो. दर दहा हजार अणूंमागे एक रिकामी जागा धरली, तर कार्बनला ती गाठायला ढोबळ मानाने दहा हजार उड्या लागतील. ३०० °से ला हे दोन तासांचं काम, ४०० °से ला दीड मिनिटाचं. अनीलिंगच्या पायऱ्या सगळीकडे सवयीने अर्ध्या तासाच्या ठेवतात. ३०० °से ला अर्ध्या तासात कार्बनच्या लागणाऱ्या उड्यांपैकी पाव हिस्साच झालेला असतो. एकाने अर्धा तास ठेवलं, दुसऱ्याने तीन तास, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर दोघांचीही मोजणी बरोबर असू शकते.

आणि एकदा पकडल्यावर? कार्बन सुटायला २ अधिक १.४६, म्हणजे ३.४६ ईव्ही लागतात. पंधरा मिनिटांत एकदा सुटावा असं तापमान काढलं तर ८०० °से च्या थोडं वर येतं. मोकळ्या रिकाम्या जागा ३५० ते ४५० °से च्या पट्ट्यात हलून एकत्र येतात किंवा नाहीशा होतात. कार्बनने धरलेल्या त्याच जागा त्यापुढे ३५०-४०० अंश टिकतात. डायव्हर्टरच्या मागच्या, थंड भागात टंगस्टन याच मधल्या पट्ट्यात काम करणार आहे.

२१ जुलै

लोखंडाचा जुना वाद इथे नोंदवून ठेवतो, कारण तो याच चुकीचा धडा आहे. लोखंडातल्या रिकाम्या जागेची हलण्याची ऊर्जा किती, यावर बराच काळ दोन गट होते: एक सुमारे ०.५५ ईव्ही म्हणे, दुसरा सुमारे १.३. दोन्हीकडे प्रयोग नीट केलेले. फरक कार्बनचा निघाला. अतिशुद्ध लोखंडात रिकामी जागा उणे ५० °से च्या सुमारालाच हलायला लागते. थोडा कार्बन असला की तो तिला धरतो, आणि १.३ हा आकडा मोकळ्या जागेचा नसून धरण्या-सुटण्यासकट झालेल्या प्रवासाचा असतो. दहा-वीस पीपीएमने उत्तर दुपटीहून जास्त बदललं.

भारतीय आरएएफएम पोलादात (माऱ्यानंतर कमी किरणोत्सारी राहावं म्हणून बनवलेलं; ९ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंगस्टन, ०.०६ टक्के टँटलम) कार्बन मुद्दाम घातलेला असतो आणि बहुतेक कार्बाइडमध्ये बांधलेला असतो. तिथे प्रश्न मोकळ्या उरलेल्या कार्बनचा. या प्रकल्पाच्या बाहेरचं आहे, पण पद्धत तीच लागेल.

३० जुलै

मोजणी कशाने करायची यावर वेळ गेला. दोन पर्याय कागदावरच बाद झाले.

पहिला, विद्युत रोध. २ मि.मी. रुंद, २० मि.मी. लांब, ०.१ मि.मी. जाड पट्टीचा रोध ५.४ मिलिओहम. टंगस्टनमध्ये घुसखोर-रिकामी जागा अशा एक अणुटक्का जोड्यांमुळे रोधकता सुमारे २७ मायक्रोओहम-सेंटीमीटर वाढते. दहा हजारांत एक दोष असेल तर वाढ ०.२७, म्हणजे मूळ रोधकतेच्या ५ टक्के. उत्तम. पण २० एमईव्हीच्या टंगस्टन आयनांनी दुखावलेला थर फक्त २.४ मायक्रॉन असतो, पत्रा १०० मायक्रॉनचा. फरक उरतो ०.१२ टक्के. खोलीचं तापमान पाव अंश हललं तरी तेवढाच फरक पडतो. द्रव नायट्रोजनमध्ये (कृत्रिम रेतनाच्या गाडीवरून दहा लिटर सहज मिळतो) मूळ रोध साधारण नवव्या हिश्श्यावर येतो आणि परिस्थिती सुधारते, पण पुरेशी नाही. पत्रा पाच मायक्रॉनचा असता तर केलं असतं. न्यूट्रॉनने पूर्ण जाडीत दुखावलेल्या नमुन्यांना ही पद्धत राखून ठेवू.

दुसरा, सोडियम-२२ मधून निघणाऱ्या पॉझिट्रॉनचं (इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाचं) आयुर्मान मोजणं. निर्दोष टंगस्टनमध्ये पॉझिट्रॉन सुमारे १०५ पिकोसेकंद जगतो, रिकाम्या जागेत अडकला तर २०० च्या आसपास. फरक ठळक आहे. कार्बन आत बसला की आयुर्मान पुन्हा कमी होतं, म्हणजे नेमकं हवं ते. पण या स्रोताचे पॉझिट्रॉन ५४६ केईव्हीपर्यंतचे असतात आणि टंगस्टनमध्ये त्यांची सरासरी खोली १३.६ मायक्रॉन निघते. पहिल्या २.४ मायक्रॉनमध्ये फक्त १६ टक्के थांबतात, उरलेले ८४ टक्के खालच्या अनाहत धातूची बातमी सांगतात. मंदगती पॉझिट्रॉन किरण असलेल्या केंद्रातच हे करायचं. सोडियम-२२ चा स्रोत वापरायचाच तर अनीलिंग झालेल्या पत्र्याचा पाया तपासायला: तिथे १०५ च्या वर लांब घटक दिसला, तर डिस्लोकेशन गेलेली नाहीत.

११ ऑगस्ट

रेनियम. हा बाहेरून आलेला भेसळीचा अणू नाही, भिंतीतच जन्मतो. टंगस्टन-१८६ (नैसर्गिक टंगस्टनमध्ये २८ टक्के) न्यूट्रॉन गिळून टंगस्टन-१८७ होतो, आणि त्याचा सुमारे २४ तासांच्या अर्धायुष्याने रेनियम-१८७ होतो. रेनियम पुढे ऑस्मियम. मंद न्यूट्रॉन जास्त असलेल्या संशोधन भट्टीत हे फ्यूजन भट्टीपेक्षा कितीतरी वेगाने होतं, म्हणून तिथल्या नमुन्यांतला रेनियम पाहून भिंतीचं आयुष्य थेट सांगू नये.

रेनियमची रिकाम्या जागेशी ओढ नगण्य. त्याचं नातं घुसखोराशी. शुद्ध टंगस्टनमध्ये घुसखोर अणू एका ओळीत, [१११] दिशेला (घनाच्या कोपऱ्यातून कोपऱ्याकडे), ताणलेल्या माळेसारखा पसरतो आणि त्याच ओळीत जवळजवळ अडथळ्याविना धावतो. वाट बदलत नाही, त्यामुळे बाजूच्या रिकाम्या जागांना भेटत नाही. रेनियमचा अणू लागला की माळ आकसते आणि टंगस्टन-रेनियमची [११०] दिशेची (पृष्ठाच्या कर्णाला धरून) जोडगोळी बनते. बंधन सुमारे ०.८ ईव्ही, आणि फिरण्याचा अडथळा ०.१ च्या जवळ. ही जोडगोळी कुठल्याही दिशेने वळू शकते, आणि चालताना रेनियमला बरोबर नेते.

याचे दोन परिणाम होतात, एक चांगला आणि एक वाईट. तिन्ही मितींत फिरणारा घुसखोर रिकाम्या जागांना जास्त भेटतो, त्या बुजतात आणि पोकळ्यांची सूज कमी होते. पण वाहून आणलेला रेनियम साठत जातो. समतोल आलेखाप्रमाणे टंगस्टन पंचविसेक टक्के रेनियम सहज सामावतो. माऱ्याखाली मात्र काही टक्क्यांतच सिग्मा (σ) आणि काय (χ) या अवस्थांचे कठीण कण सुटतात, आणि धातू आणखी ठिसूळ होतो. समतोल आलेख इथे उपयोगाचा नाही, कारण रेनियम उष्णतेने नाही तर घुसखोरांच्या पाठीवर बसून जातोय.

काइनेटिक माँटे कार्लोमध्ये (दोषांच्या उड्या यादृच्छिक आकड्यांनी एकेक करून चालवणाऱ्या गणितात) म्हणून दोन वेगळ्या जाती ठेवल्या: ओळीत धावणारा घुसखोर आणि फिरणारी जोडगोळी. ओळीत धावणाऱ्यासाठी पेटी घनाकृती ठेवू नये. पेटीच्या काठावरून परत आत येताना तो त्याच मोजक्या ओळींवर पुन्हा पुन्हा फिरतो आणि तिथल्या रिकाम्या जागा भलत्याच वेगाने संपतात. तिन्ही बाजू असमान, एकमेकींच्या पटीत नसलेल्या, ठेवल्यावर हे गेलं.

२० ऑगस्ट

ड्यूटेरियम सुटण्याची मोजणी (टीडीएस) हीच मुख्य मोजणी ठरली. रिकामी जागा ड्यूटेरियमने भरायची, तापवायचं, कुठल्या तापमानाला किती निघतो ते वस्तुमान-वर्णपटमापीवर बघायचं. साधा हायड्रोजन नको. स्टेनलेसच्या चेंबरमध्ये वस्तुमान २ ची पार्श्वभूमी कायम असते. वस्तुमान ३ आणि ४ दोन्ही मोजायचे. ३ सोडलं, तर हायड्रोजनशी जोडी जमवून निघालेला ड्यूटेरियम हिशेबातून गळतो. आणि वस्तुमान ४ वर हेलियमही येतो, म्हणून गळती शोधायचा हेलियम त्या दिवशी खोलीत वापरायचा नाही.

रिकाम्या जागेभोवतीच्या घनाला सहा पृष्ठं आहेत आणि प्रत्येकालगत एक हायड्रोजन बसू शकतो, पुढचा आधीच्यापेक्षा सैल. एका पृष्ठावर कार्बन बसलेला असेल, तर तेवढी जागा अडते आणि शेजारच्या हायड्रोजनची पकडही सैल होते. तेच आपल्याला दिसायला हवं: एकूण ड्यूटेरियम कमी, आणि वरच्या तापमानाचं शिखर बुटकं. ट्रिटियमच्या हिशेबाला हे थेट लागू आहे. इटरच्या पात्रात साठलेल्या ट्रिटियमवर १ किलोची मर्यादा आहे.

थर्मोकपल के-टाइप वेल्ड केलं होतं ते काढलं. त्यातलं निकेल टंगस्टनमध्ये शिरून सांध्याजवळचे दाणे वाढवतं आणि तुकडा तिथेच तुटतो. आता ५ आणि २६ टक्के रेनियमच्या टंगस्टन तारा. (याच तारा न्यूट्रॉनमध्ये ठेवल्या तर त्यांतलाच रेनियम ऑस्मियम होत जातो आणि तापमान चुकीचं दाखवतात, आपल्याकडे ती अडचण नाही.) तापवण्याचा वेग सेकंदाला अर्धा अंश, सगळ्या नमुन्यांना एकच. वेग बदलला की शिखर सरकतं आणि तुलना संपते.

८ सप्टेंबर

माऱ्यासाठी पाठवायच्या नमुन्यांची यादी. मात्रा मुद्दाम कमी: टिकणाऱ्या रिकाम्या जागा दहा हजारांत एकाच्या आसपास राहाव्यात. एक डीपीएपर्यंत (प्रत्येक अणू सरासरी एकदा जागेवरून हलण्याइतका मारा) गेलं तर हजारात काही जागा होतात, कार्बन त्यांना पुरत नाही, आणि त्याचा परिणाम गर्दीत हरवतो.

दोन खेपा. पहिली, अनीलिंग झालेली, कमी कार्बनची. दुसरी, त्याच खेपेतले तुकडे कार्बन परत देऊन: ठरावीक जाडीचं ग्राफाइट पटल एका बाजूला चढवून व्हॅक्यूममध्ये १४०० °से वर चार तास. पटल किती, याचा हिशेब: १०० मायक्रॉन जाडीत अणूंच्या हिशेबाने ३०० पीपीएम वाढवायला सुमारे १७ नॅनोमीटर. जास्त झालं तर कार्बाइड होतं आणि कार्बन मोकळा राहत नाही. खोलीच्या तापमानाला टंगस्टनमध्ये एवढा कार्बन विरघळून राहत नाही, म्हणून भट्टी बंद करून तुकडे लगेच थंड टोकाला ओढायचे. हळू थंड केलं तर कार्बन दाण्यांच्या सीमांवर जाऊन बसतो. मोजणीत तो आकडा दिसतो, पण रिकाम्या जागांच्या तो उपयोगाचा नसतो. ज्वलनाने मोजलेला एकूण कार्बन आणि जाळीत मोकळा असलेला कार्बन, हे दोन वेगळे रकाने तक्त्यात केले आहेत. दुसरा रकाना सध्या सीमांचा कोरीव फोटो बघून फक्त 'सीमा स्वच्छ' किंवा 'सीमेवर कण' एवढाच भरता येतो.

दोन्ही खेपांना मारा एकच, मग ३०० °से वर चार वेगळे वेळ: दहा मिनिटं, अर्धा तास, दोन तास, आठ तास. त्यानंतर ड्यूटेरियम. १६ जुलैचं गणित बरोबर असेल, तर कार्बन दिलेल्या खेपेत अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत ड्यूटेरियमचा साठा ठळक खाली येईल आणि आठ तासांना तिथेच थांबेल. कमी कार्बनच्या खेपेत उतार सौम्य राहील आणि उशिरा येईल. दोन्ही खेपा सारख्याच वागल्या, तर पहिला संशय सीमांवर: कार्बन दिलेले दोन तुकडे फोडून, तुटलेल्या पृष्ठभागावर ऑजर वर्णपट (अगदी वरच्या थरात कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारा) घ्यायचा. त्यासाठी दोन्ही खेपांतले दोन-दोन तुकडे माऱ्याला न पाठवता, आर्गॉन भरलेल्या बाटलीत, सिलिका जेलसह कपाटात ठेवले आहेत.